उन्हाळी लागणे

उन्हाळी लागणे : शरीरातील पाणी कमी पडल्याने लघवी थोडी, गडद पिवळी आणि जळजळीची होणे. मराठवाड्यात चैत्र-वैशाखात ही तक्रार घरोघर ऐकू येते. ऊन लागणे म्हणजे उष्माघात. तो वेगळा आणि जिवावर बेतणारा. उन्हाळी ही त्याच्या कितीतरी आधी मिळणारी सूचना.

प्रौढ माणसाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. घामावाटे ते गेले की पीयूष ग्रंथीतून मूत्ररोधी संप्रेरक सुटते आणि मूत्रपिंडे पाणी राखून धरतात. पण युरिया आणि क्षार बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. तेवढ्याशा पाण्यात सगळे कोंबले गेले की लघवी दाट होते, झोंबते. हे रोजचेच झाले तर मुतखडा होऊ शकतो, जंतुसंसर्गालाही फावते.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो. अशा उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. घशाला कोरड पडेपर्यंत शरीर बरेच मागे पडलेले असते. म्हणून बांधावरच्या कडुलिंबाखाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ असतो, आणि शहाणा गडी तहान नसली तरी कामाची एक पाळी संपली की त्याच्याकडे वळतो.

‘पाणी भरपूर प्या’ हा सल्ला मात्र इथे अर्धवटच ठरतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया पहाटेपासून फडात असतात. तिथे ना आडोसा, ना संडास. लघवीला जायचे कुठे, म्हणून पाणीच टाळायचे. त्यांना उन्हाळी हिवाळ्यातही लागते. दुसरीकडे बोअरचे पाणी मचूळ असले की माणूस दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवतो. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. तिथे जास्त पाणी पिणे म्हणजे दात-हाडांत जास्त फ्लोराइड जाणे. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वेळी किती प्यायचे हे तहानेवर ठरत नाही, टँकर कधी येतो यावर ठरते.

घरगुती उपायांत मीठ घातलेले पातळ ताक आणि ज्वारीची आंबील सर्वांत उजवी, कारण घामाबरोबर मीठही जाते आणि नुसते पाणी ते भरून काढत नाही. वाळूक, काकडी, टरबूज यांतले पाणीही अंगी लागते. सब्जा, धन्याचे पाणी यांना मान मोठा. त्यांचा गुण बराचसा सोबत पोटात जाणाऱ्या पाण्याचा. चहाने उन्हाळी वाढते असे म्हणतात, पण बेताने घेतलेल्या चहातले पाणीही पाणीच.

ढाळ-वांती असेल तर जलसंजीवनी द्यावी : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). साखर गोडीपुरती नसते. तिच्यासोबत आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून अंदाजाने चिमटी टाकू नये.

पुरेसे पाणी पिऊनही दोन दिवसांत जळजळ थांबली नाही, थंडी-ताप आला, कमरेत कळ उठली किंवा लघवीत रक्त दिसले, तर ती उन्हाळी नव्हे; दवाखाना गाठावा. गरोदर बाईने दोन दिवसही थांबू नये. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे आणि मिठाचे माप डॉक्टरांकडूनच घ्यावे.