पंचांगमुद्रण, सोलापूर

पंचांगमुद्रण : तिथी, वार, नक्षत्र, योग व करण या पाच अंगांची वार्षिक कोष्टके ग्रंथरूपात छापण्याची कला. सोलापूर हे तिचे महाराष्ट्रातील एक प्रमुख ठाणे.

छापील मराठी पंचांगाचा आरंभ सामान्यतः मुंबईचे गणपत कृष्णाजी यांच्यापासून मानतात. शके १७५३ च्या सुमारास (इ.स. १८३१) त्यांनी ते शिळाछापावर (दगडावर लिहून छापण्याच्या पद्धतीने) काढले. शाईत चरबी असल्याच्या समजुतीने सोवळी मंडळी छापील कागदाला शिवत नसत, म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. शिळेवरचा मजकूर हातानेच लिहिलेला. तेव्हा खरा आरंभ खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) पंचांगापासून धरावा, असा आक्षेप घेता येतो. परंतु एका मूळ लेखावरून तंतोतंत सारख्या अनेक प्रती निघणे हेच मुद्रणाचे मर्म मानल्यास १८३१ हे साल अधिक ग्राह्य ठरते.

खिळेजुळणीत पंचांगाचे पान जुळाऱ्याची कसोटी पाही. काही जुन्या देवनागरी टाइपांत मूळ अक्षर, वरची मात्रा व खालचा उकार वेगवेगळ्या थरांत बसवावे लागत. अरुंद रकान्यात ते फार जड जाई. हस्तलिखितांतली आद्याक्षरांची रूढी (र, सो, मं) छापखान्याला येथे मोठी उपकारक ठरली. आकड्यांना मात्र असा आडमार्ग नाही. ६० पळांची एक घटी, म्हणजे २४ मिनिटे. दशमी सूर्योदयापासून ५६ घटींपलीकडे गेली, तर अरुणोदयवेधामुळे (सूर्योदयापूर्वीच्या चार घटींत, म्हणजे अरुणोदयात, दशमी शिरल्यामुळे) भागवत एकादशी, म्हणजे वारकरी-वैष्णवांची एकादशी, दुसऱ्या दिवशी धरतात. ५५ च्या जागी ५७ छापले गेले, तर वारकऱ्याचा उपवासच हलतो. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे मुद्रितशोधनाचे मोल वेगळे सांगायला नको.

सोलापुरात नानाशास्त्री दाते यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पंचांग सुरू केले. पुढे धुंडिराजशास्त्री दाते यांनी ते वाढवले. सोलापूरचा सूर्योदय रेखांशभेदामुळे मुंबईच्या सरासरी १२ मिनिटे, म्हणजे सुमारे ३० पळे आधी होतो. त्यामुळे राज्यभर जाणाऱ्या पंचांगाला गावोगावच्या वेळांचाही हिशेब ठेवावा लागतो.

शहराची ग्रंथपरंपरा याहून जुनी आहे. हिराचंद नेमचंद दोशी यांचे ‘जैन बोधक’ हे नियतकालिक १८८५ मध्ये येथेच निघाले. पुढे जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या.

ऑफसेट व संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर खिळे गेले, घटी-पळांशेजारी तास-मिनिटे आली. रकान्यांची मांडणी मात्र बहुतांशी जुनीच आहे.