विद्यार्थी-गरजांचे निदान (ऑनलाइन शिक्षणातील)

ऑनलाइन अभ्यासक्रम आखण्यापूर्वी तो कोणासाठी आहे, त्या विद्यार्थ्यांना आज काय येते, काय यायला हवे आणि ते कोणत्या परिस्थितीत शिकणार आहेत, याचा घेतलेला पद्धतशीर शोध. अध्यापन-रचनेच्या ‘ॲडी’ (ADDIE: विश्लेषण, रचना, विकास, अंमलबजावणी, मूल्यमापन) प्रारूपात हे काम विश्लेषण या पहिल्या टप्प्यात येते. या प्रारूपाचे मूळ फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने १९७५ मध्ये अमेरिकी लष्करी प्रशिक्षणासाठी केलेल्या आराखड्यात आहे.

गरज आणि मागणी यांत गल्लत होते. गरज-निदानाचे अभ्यासक रॉजर कॉफमन यांच्या मते गरज म्हणजे प्रत्यक्ष निष्पत्ती आणि अपेक्षित निष्पत्ती यांतील अंतर. ‘आम्हाला व्हिडिओ हवेत’ असे विद्यार्थी म्हणतात तेव्हा ते उपाय सुचवत असतात. अडते कुठे, हे त्यातून कळत नाही. ते पूर्वचाचणीतून उघड होते. उदाहरणार्थ, संख्याशास्त्राचे काही विद्यार्थी सरासरी अचूक काढतात, पण एकच फार मोठी संख्या आल्यावर ती सरासरी फसवी का ठरते, हे त्यांना सांगता येत नाही. अशांना सूत्र पुन्हा समजावून उपयोग नाही. आकडे बदलून परिणाम पाहण्याचा सराव द्यावा लागतो. पूर्वज्ञान हा अध्ययनावर सर्वाधिक प्रभाव टाकणारा घटक असल्याचे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडले होते.

सर्वांत मोठी चूक माहिती गोळा करतानाच होते. प्रश्नावली ऑनलाइन पाठवली की ती ज्यांची इंटरनेट जोडणी चांगली आहे त्यांच्याकडूनच भरून येते आणि ‘बहुतेकांना अडचण नाही’ असा निष्कर्ष निघतो. ज्यांच्यासाठी रचना बदलायला हवी, तेच मोजणीतून गळतात. म्हणून फोनवर किंवा समक्ष बोलणे, छापील प्रश्नावली देणे आणि आधीचा अभ्यासक्रम अर्धवट सोडलेल्यांना गाठणे आवश्यक ठरते. ‘इंटरनेट आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. फोन स्वतःचा की घरात सामाईक, तो कोणत्या वेळी हाती येतो, डेटा महिनाभर पुरतो का, शिकण्याच्या भाषेत टंकलेखन जमते का, हे विचारावे लागते. सामाईक फोनवर शिकणाऱ्यासाठी ठरावीक वेळेचा थेट वर्ग जवळपास बंदच असतो. त्याला डाउनलोड करता येणारा मजकूर आणि छोट्या ध्वनिफिती अधिक उपयोगी पडतात. दृष्टी, श्रवण किंवा हालचालींशी संबंधित गरजाही याच वेळी नोंदवतात, कारण उपशीर्षके किंवा कळफलकाने वापरता येणारी पाने मागाहून जोडणे खर्चिक असते.

रचनेत ज्याने काही बदलणार नाही, असा खासगी तपशील विचारू नये. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर, पहिल्या स्वाध्यायानंतर हे निदान पुन्हा तपासले जाते.