कोकणचं पाणी : बांध कुणी घालायचा?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की वाड्यांवर टँकरची वाट बघतात. बाहेरच्याला याचं नवल वाटतं. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, उतार तीव्र, आणि बऱ्याच भागात खाली सच्छिद्र जांभा. चार महिन्यांत कोसळलेलं पाणी काही नद्यांतून, काही कातळाच्या भेगांतून खाडीला मिळतं. त्यामुळे कोकणात पाणी आणण्यापेक्षा अडवण्याचा प्रश्न मोठा. अडवायला बांध लागतो, आणि इथला बांध दरवर्षी नव्याने घालावा किंवा डागडुजी करून उभा ठेवावा लागतो. तो कुणी घालायचा आणि त्यामागचं पीक कुणी न्यायचं, या दोन प्रश्नांवर कोकणातल्या पाण्याचा बराचसा इतिहास उभा आहे.

सगळ्यात जुना पुरावा दगडात आहे. साष्टीतल्या कान्हेरीच्या डोंगरात जवळजवळ प्रत्येक लेण्याला पाण्याचं टाकं आहे, आणि टाकं खोदवून दिल्याची दानं तिथल्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. कातळावरून वाहणारं पाणी चर खोदून टाक्यात घ्यायचं आणि पावसाळ्यानंतरचे आठ महिने ते पुरवायचं, असा तो हिशोब. दक्षिणेला मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव आहे. तो १५३० साली नागेश देसाई यांनी बांधवला असं सांगतात. दोन टेकड्यांमधली घळ मातीच्या बांधाने अडवलेली, काठाला भगवतीचं देऊळ, आणि पाटाने खालच्या धामापूर-काळसे गावांच्या शेताला पाणी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. इतका जुना बांध अजून कामात आहे, हे मला त्या मानापेक्षा मोठं वाटतं.

पण तलाव मोजके. गावोगावची खरी व्यवस्था व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बांधाची. पाऊस ओसरला की गावकी बसायची, दिवस ठरायचा, घरटी माणूस यायचा. दगड, चिखल, पालापाचोळा घालून व्हाळ अडवायचा आणि पाणी पाटाने मळ्यात न्यायचं. त्या पाण्यावर वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, त्यावरून भांडणंही ठरलेली. पुढच्या पावसात बांध वाहून जायचा, त्याचं कुणाला दुःख नसे. चाकरमानी मुंबईला गेले तसे हात कमी झाले आणि पुष्कळ ठिकाणी वायंगण सुटलं. आता ग्रामपंचायती सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारे घालतात. काम तेच, पण पुष्कळदा निम्मा वेळ फोटोत जातो.

किनाऱ्यावर, अष्टागरापासून श्रीवर्धन-गुहागरपर्यंत, नारळी-पोफळीच्या वाड्या रहाटावर जगल्या. रेडा किंवा बैल गोल फिरतो, दातेरी चाकं एकमेकांत अडकतात, दोराला बांधलेली गाडगी विहिरीतून भरून वर येतात आणि डोणीत ओतली जातात. तिथून पाट आणि पाटातून एकेका झाडाचं आळं. ज्याला जनावर परवडत नसे तो लाटेने, म्हणजे हाताने वरखाली करायच्या लांब दांड्याने पाणी काढी. पुढे इंजिन आलं, मग विजेचा पंप, आणि शिंपण्याचं काम तासावर आलं. मात्र समुद्राजवळच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. रहाट उपसायचा तेवढं झऱ्यातून भरून यायचं. पंपाने जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं, आणि ते पोफळीला सोसत नाही.

आता खारेपाट. पेण-अलिबागकडचा हा सखल पट्टा भरतीच्या पाण्यातून काढलेला आहे. इथे सिंचनाची रीतच उलटी: पाणी आणायचं नाही, थोपवायचं. खाडीच्या बाजूला चिखलमातीचा उंच बांध आणि त्यात उघाड्या. उघाडी म्हणजे बांधातल्या मोरीला बसवलेली झडप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघतं आणि मग भात. बांधाला खेकड्याचं एक बीळ राहिलं तरी उधाणाच्या रात्री खांड पडते, म्हणजे बांध फुटतो, आणि एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं ती जमीन पीक देत नाही. म्हणून बांधाची राखण एकट्याच्या हातची नव्हती. 'जोळ' म्हणून शेतकऱ्यांची सामुदायिक व्यवस्था होती. जमिनीच्या प्रमाणात ज्याने त्याने बांधावर काम करायचं.

बांधावर राबायचं कुळाने, वाटा मात्र खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, आणि सावकाराचा. ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी जमिनी पडीक टाकल्या. तो संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधी दहा वर्षं, २० मार्च १९२७ रोजी, याच जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं होतं. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव कागदावर होता, प्रत्यक्षात अस्पृश्यांना मज्जाव होता. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडलं. म्हणजे तळं भरलेलं असलं तरी पाणी सगळ्यांना मिळतंच असं नाही, हे कोकणाने फार जवळून पाहिलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर खोती गेली. १९४८ मध्ये खारजमिनीचा कायदा झाला, १९७९ मध्ये नवा खारभूमी विकास कायदा आला आणि बांधाची जबाबदारी सरकारकडे सरकली. हेतू चांगला होता. पण बांध 'सरकारचा' झाल्यावर जोळ मोडला, आणि खांड बुजवण्याचं काम अर्ज, अंदाजपत्रक, निविदा या वाटेने जाऊ लागलं. उधाण निविदेसाठी थांबत नाही. खारं पाणी शिरलेल्या शेतात काही वर्षांत कांदळवन उगवतं. त्याला तोडीपासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि सातबारा हातात असलेला शेतकरी आपल्याच शेतात कोयता लावू शकत नाही. कांदळवन वाचलं पाहिजे हे खरंच. पण त्या शेतकऱ्याचा बांध वेळेवर दुरुस्त झाला असता तर हा पेच आलाच नसता.

मोठं पाणी आलं ते घाटावरून, आणि तेही विजेसाठी. खोपोलीचं वीजगृह १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. भिऱ्यासाठी मुळशी खोरं बुडालं. सेनापती बापटांचा सत्याग्रह त्यासाठीच होता. पूर्वेला जाणारं पाणी अडवून पश्चिमेला सोडलं, चाकं फिरवून झाल्यावर ते कोकणातल्या नद्यांत आलं. भिवपुरीच्या पाण्यावर कर्जतचा राजनाला, भिऱ्याच्या पाण्यावर कुंडलिकेतून डोलवहाळ बंधारा आणि रोहा-माणगावकडचे कालवे. कोयनेची वीज १९६२ पासून. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेल्या ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यातलं बहुतेक वाशिष्ठीतून समुद्राला जातं. उत्तरेला शहापूरच्या डोंगरांतलं तानसा, भातसाचं पाणी मुंबईला, पेणच्या हेटवण्याचं नवी मुंबईकडे. शहापुरात आणि खारेपाटात उन्हाळ्यात टँकर.

कर्जत-रोह्याकडचा शेतकरी म्हणून पावसाबरोबर आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवून असतो: वर वीजगृह चालू आहे की नाही. ते दुरुस्तीला बंद राहिलं की कालवा कोरडा, आणि उन्हाळी भाताची लावणी अडते.