शेवंतीला रात्र हवी, फीवरफ्यूला दिवस

दिवाळी होऊन गेली, मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर आले, फुलबाजारात शेवंतीचे ढीग लागले आणि आपल्या गॅलरीतली शेवंती मात्र नुसतीच हिरवीगार. पानं तकतकीत, कीड नाही, खतपाणी वेळच्या वेळी, पण कळीचा पत्ता नाही. अशा वेळी नर्सरीवाला नवं खत देतो आणि शेजारीण ताक घालून बघायला सांगते. माझं म्हणणं, आधी मान वर करून बघा. रात्री त्या कुंडीवर कोणता दिवा पडतो? जिन्यातला, सोसायटीच्या फाटकावरचा की समोरच्या रस्त्यावरचा पांढराफटक एलईडी? शेवंती न फुलायला बाकीही कारणं असतात, पण शहरातल्या घरांमध्ये या कारणाकडे कोणाचं लक्षच जात नाही.

गंमत म्हणजे शेवंतीची फुलं अडवणारा हाच दिवा तिच्या एका जवळच्या नातलगाला लवकर फुलायला मदत करतो. ती नातलग म्हणजे फीवरफ्यू. रुपयाच्या नाण्याहूनही लहान, पांढऱ्या पाकळ्यांची, मध्ये पिवळी टिकली असलेली घोसाघोसांची फुलं, फिकट हिरवी कातरलेली पानं आणि पान चुरगळलं की येणारा कडवट उग्र वास. बियांच्या पाकिटावर ती बहुधा 'मॅट्रिकेरिया' या नावानं भेटते. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ तिला शेवंतीच्याच प्रजातीत धरत, आता तिचं अधिकृत नाव टॅनासिटम पार्थेनियम. दोघी एकाच कुळातल्या, फुलांची घडणही सारखी. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची एकेक 'पाकळी' हे एक फूल आणि मधल्या पिवळ्या टिकलीतला एकेक ठिपका हेही एक फूल. एवढं साम्य असूनही फुलायची वेळ ठरवण्याची दोघींची रीत एकमेकींच्या उलट आहे.

झाडं दिवसाची लांबी ओळखतात, हे नीट ध्यानात आलं ते 1920 मध्ये. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोघे 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूच्या वाणानं हैराण झाले होते. उन्हाळ्यात तो माणसाच्या डोक्याच्या वर जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र लहानसं झाडही फुलून मोकळं होई. खत, पाणी, तापमान सगळं तपासून झाल्यावर त्यांनी भर उन्हाळ्यात झाडं रोज दुपारीच अंधाऱ्या खोपटात ढकलायला सुरुवात केली. झाडं फुलली. अशा झाडांना 'लहान दिवसांची झाडं' असं नाव पडलं आणि शेवंतीही त्याच यादीत गेली.

हे नाव मात्र थोडं फसवं आहे. 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झॅन्थियमवर (रानात कपड्यांना चिकटणारी काटेरी फळं येतात, ते तण) प्रयोग केले. लांबलचक रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर झाड फुलेना. उलट दिवसा मध्येच अंधार केला तर त्याला काही फरक पडेना. म्हणजे झाड दिवस मोजत नव्हतं. ते सलग अंधार मोजत होतं. गॅलरीतल्या दिव्याचा गुन्हा नेमका हाच आहे. बाहेर डिसेंबरची तेरा तासांची रात्र असली तरी दिव्यानं तिचे तुकडे केले की शेवंतीच्या लेखी अजून जूनच चालू असतो.

आपल्याकडचा हिशेब मांडून बघू. पुण्यात जूनच्या अखेरीस सूर्य सव्वातेरा तास वर असतो. त्यात पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा संधिप्रकाश मिळवला की अंधाराचे जेमतेम दहा तास उरतात. डिसेंबरात दिवस अकरा तासांवर येतो. शेवंतीच्या बहुतेक वाणांना कळी धरायला साधारण साडेदहा तासांचा सलग अंधार लागतो आणि ती कळी वाढून उमलायला त्याहूनही थोडा जास्त. म्हणजे पावसाळा सरता सरता कळीची वेळ येते आणि वाणाप्रमाणे त्यानंतर दीड ते साडेतीन महिन्यांत फूल. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत शेवंती मिळते ती यामुळे. युरोपात जूनचे दिवस सोळा-सोळा तासांचे असतात, तिथे झाडाची गफलत व्हायला जागाच नसते. आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्या दिवसांत फरकच जेमतेम सव्वादोन तासांचा. एवढ्या थोडक्या फरकावर वर्ष ओळखायचं, तर एखाद्या दिव्यानंही घोटाळा होणारच.

अंधार नेमका कोण मोजतं, याचं उत्तर खुद्द शेवंतीवरच मिळालं आणि बागेतही ते उपयोगी पडतं. सोव्हिएत रशियात काम करणाऱ्या मिखाईल चैलाख्यान या आर्मेनियन शास्त्रज्ञानं 1930 च्या दशकात शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढून टाकली. मग खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि उघड्या शेंड्याला लांब दिवस. झाड फुललं. उलट केलं, म्हणजे शेंड्याला अंधार आणि पानांना लांब दिवस, तेव्हा फुललं नाही. याचा अर्थ, रात्र मोजतं ते पान. फुलायचा निरोप मग पानातून शेंड्याकडे जातो. त्या निरोप्याला त्यांनी 'फ्लोरिजेन' म्हटलं. तो प्रत्यक्ष हाती लागायला पुढची सत्तर वर्षं गेली. 2007 मध्ये तो एक छोटासा प्रथिनाचा रेणू असल्याचं दिसून आलं. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीच्या कुळातल्याच एका रानटी झाडात याच्या विरुद्ध काम करणारा, 'फुलू नको' असं सांगणारा रेणूही शोधला. सूर्य मावळल्यापासून ठरावीक तासांनी पानात जणू एक खिडकी उघडते. त्या वेळात उजेड पडला की हा नकार देणारा रेणू तयार होतो आणि शेंड्याकडे जातो. मध्यरात्रीचा थोडासा उजेडही एवढा का नडतो, ते यावरून कळतं. उजेड टिपण्याचं काम फायटोक्रोम हे पानातलं रंगद्रव्य करतं आणि त्याला सर्वांत जास्त कळतो तो लाल प्रकाश. साध्या पिवळ्या बल्बात तो भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीतही पुरेसा.

व्यापारी शेतकऱ्यांना हे गणित तोंडपाठ आहे. पॉलिहाऊसमध्ये आधी रात्री दिवे लावून झाडं नुसती वाढवतात, हवी तेवढी उंची आली की दिवे बंद करतात, गरज पडली तर संध्याकाळी काळं कापड ओढतात. त्यातून लग्नसराईला किंवा सणाला नेमकी फुलं काढता येतात. जपानच्या आत्सुमी द्वीपकल्पावर शेवंतीची काचघरं रात्री दिव्यांनी उजळलेली असतात. आपण घरी फक्त उलटं करायचं.

कुंडी हलवता येत असेल तर ती सरळ दिव्याच्या आड, भिंतीच्या सावलीत न्या. दिवसाचं ऊन मात्र तिला मिळालं पाहिजे. हलवता येत नसेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला मोठं खोकं किंवा दुहेरी काळं कापड टाकायचं आणि सकाळी आठला काढायचं. प्लॅस्टिक नको, आत गरम होतं आणि उकाड्यानं कळी आणखी लांबते. नुसता शेंडा झाकून भागत नाही, सगळी पानं झाकली गेली पाहिजेत. हे रोज करायचं, कळीला रंग दिसेपर्यंत. मधूनमधून सुट्टी घेतली तर तेवढं फूल लांबणार. पौर्णिमेची मात्र काळजी नको. लख्ख चांदण्याचाही उजेड पाव लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास असतो. शेतकरी शेवंतीला अडवायला शंभराच्या आसपास लक्स वापरतात आणि काही वाणांना त्याहून बराच कमी उजेडही पुरतो. ढोबळ अंदाज असा ठेवा : रात्री कुंडीजवळ उभं राहून वर्तमानपत्र वाचता येत असेल तर उजेड जास्त आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे शेंडा खुडणं. जूनमध्ये लावलेल्या रोपाला महिनाभरानं पाच-सहा पानं ठेवून वरचा कोवळा शेंडा नखानं खुडायचा. बाजूच्या फांद्या बोटभर झाल्या की त्यांचाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र हात आवरायचा, कारण त्यानंतर खुडाल ती कळीच असेल. एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या काढून टाकतात. मला ते फारसं पटत नाही. प्रदर्शनात ठीक, पण घरात झिपरी किंवा रेवडीसारख्या जुन्या वाणांचं गच्च भरलेलं झाड जास्त शोभतं.

रोप कुठून आणायचं? फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटा. मुळाजवळून नवे फुटवे येतात, त्यांना शेतकरी काश्या म्हणतात. त्या मुळांसकट वेगळ्या करून लावता येतात. उन्हाळाभर त्यांना दुपारच्या उन्हापासून जपायचं आणि पाऊस सुरू झाला की त्यांच्या शेंड्यांची बोटभर लांबीची छाट कलमं कोकोपीट आणि वाळूत लावायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. जुनं थोराड झाड वर्षानुवर्षं त्याच कुंडीत ठेवण्यापेक्षा दरवर्षी कलम बरं, फुलं भरतात आणि मातीतले रोग पुढे जात नाहीत. नर्सरीतून डिसेंबरात आणलेली बुटकी, गोल, गच्च फुललेली शेवंती पुढच्या वर्षी उंच आणि फोफसी होते, तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नका. तिला वाढ रोखणारी औषधं देऊन बुटकं ठेवलेलं असतं, त्यांचा असर ओसरतो एवढंच.

बाकी सांभाळणं नेहमीचंच. निचरा चांगला हवा, पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको, नाहीतर पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडून झाड खालून वाळत जातं. कळ्यांवर मावा दिसला की बोटानं पुसा किंवा निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. कळी धरल्यावर युरियासारखं नत्र बंद.

आता फीवरफ्यू. ही मूळची बाल्कन आणि कॉकेशसकडची, युरोपात सगळीकडे पसरलेली. तिकडे ती जूनपासून, म्हणजे दिवस सर्वांत लांब असताना फुलते. आपल्याकडे पठारावर ती हिवाळी हंगामी झाड म्हणून करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरा. बी धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत गाडू नका, वरच्या वर भुरभुरा आणि फवाऱ्यानं पाणी द्या. दोन आठवड्यांत रोपं दिसतात. डिसेंबरच्या लहान दिवसांत ती नुसती पानं वाढवते आणि दिवस लांबू लागले की दांडे वर काढते, म्हणून फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये. इथे तो गॅलरीतला दिवा कामी येतो. त्याच्या उजेडात फीवरफ्यूला दिवस लांबल्यासारखा वाटतो आणि ती लवकर दांडा काढते. दोन्ही झाडं असतील तर दिव्याखालची जागा तिची, आडोशाची शेवंतीची.

रोपं लहान असताना एक घोटाळा हमखास होतो. पानं इतकी गाजर गवतासारखी दिसतात की माळी ती उपटून टाकतो. साम्य वरवरचं नाही, गाजर गवताच्या पार्थेनियम या नावाशीही फीवरफ्यूचं नातं आहे. भारतात ते पहिल्यांदा टिपलं गेलं ते 1950 च्या दशकाच्या मध्याला पुण्यात. आयात केलेल्या अमेरिकी गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. ओळख सोपी आहे : गाजर गवताचं रोप जमिनीला चिकटून पसरतं आणि पानावर करडी लव असते, फीवरफ्यूचं पान पिवळसर हिरवं आणि चुरगळलं की वास घमघमतो. त्वचेला त्रास देणारी रसायनं मात्र दोन्हींत एकाच जातीची आहेत. गाजर गवतानं ज्यांच्या अंगाला खाज सुटते, त्यांना फीवरफ्यूनं आणि शेवंतीनंही सुटू शकते. अशांनी हातमोजे घालूनच खुडणी करावी.

फीवरफ्यूतलं असं रसायन म्हणजे पार्थेनोलाइड. ती अर्धशिशीवरचं औषध म्हणून युरोपात प्रसिद्ध झाली. 1988 मध्ये नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत झटके कमी झाल्याचं दिसलं. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा फरक महिन्याला सरासरी एका झटक्याहूनही कमी निघाला आणि पुरावाही कच्चाच ठरला. पानं चघळणाऱ्यांना तोंड येतं. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. माझ्या मते ही फुलदाणीत शोभणारी वनस्पती आहे, काढ्यात घालायची नव्हे.

कापलेल्या दांड्याची फुलं पाण्यात आठवडाभर सहज टिकतात. पहिला बहर संपत आला की झाड निम्म्यावर छाटा, एप्रिलच्या उकाड्याआधी दुसरा लहानसा बहर मिळतो. तो मात्र वाळेपर्यंत ठेवायचा असेल तर शेजारच्या कुंड्या जरा लांब सरकवून ठेवा, नाहीतर पुढच्या हंगामात तुळशीच्या कुंडीतही फीवरफ्यू उगवेल.