ऊतिसंवर्धन : संप्रेरके आणि मूलपेशी

वनस्पतीच्या ऊतीचा लहानसा तुकडा निर्जंतुक माध्यमावर वाढवला, तर त्यातील काही पेशी पुन्हा मूलपेशी, म्हणजे विभागत राहून नवे अवयव घडवणाऱ्या पेशी, बनून नवा कोंब किंवा मुळे देऊ शकतात. काय फुटणार, हे मुख्यतः ऑक्झिन व सायटोकायनिन या संप्रेरकांच्या परस्पर प्रमाणावर ठरते.

या दोघांची ओढाताण कोल्हापूरच्या ऊसकऱ्याच्या ओळखीची आहे. पंचगंगेच्या पुरात शेंडा कुजला, की कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा निघतात. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन आटते आणि सायटोकायनिनला वाव मिळतो. अर्थात, डोळ्यात मूलपेशी आधीपासूनच असतात. ऊतिसंवर्धनात त्या नव्याने घडवता येतात.

स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतीवर हे दाखवून दिले. ऑक्झिन वरचढ असेल तर मुळे, सायटोकायनिन वरचढ असेल तर कोंब, दोन्ही तोलात असतील तर नुसता कॅलस, म्हणजे पेशींचा ओबडधोबड गोळा.

कॅलस दिसायला बेशिस्त असला, तरी आतून तसा नसतो. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत पानापासून केलेल्या कॅलसमध्येही मुळाच्या टोकाची जनुके चालू असतात. सायटोकायनिनयुक्त माध्यमावर हलवल्यावर ‘वुशेल’ हे जनुक काही मोजक्या पेशींत जागे होते आणि त्याच्या प्रभावाखाली शेजारच्या पेशी कोंबाच्या मूलपेशी बनतात. त्या वाजवीपेक्षा वाढू नयेत म्हणून ‘क्लाव्हाटा-३’ हे दुसरे जनुक वुशेललाच लगाम घालते.

ऊसशेतीत तणनाशक म्हणून फवारले जाणारे टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्झिनच. प्रयोगशाळेत लिटरला काही मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते शेंड्यातील कोवळ्या पानांच्या गुंडाळीपासून कॅलस तयार करते. ते काढून घेतले की कॅलसवर हिरवे कोंब दिसू लागतात. गंमत म्हणजे माध्यमात या उसाच्या ऊतीला बाहेरून साखर द्यावी लागते, साधारण लिटरला ३० ग्रॅम.

कॅलसपासून आलेल्या रोपांत मात्र मूळ वाणापेक्षा वेगळे गुण निघण्याचा धोका असतो. म्हणून बेण्यासाठी शेंड्याच्या टोकावरील मूलपेशींचा भागच सूक्ष्मदर्शकाखाली काढून वाढवणे इष्ट. तिथे विषाणूही सहसा पोहोचत नाहीत. बेन्झिलअमिनोप्युरिन किंवा कायनेटिन हे सायटोकायनिन देऊन फुटवे वाढवतात, मग ऑक्झिनच्या माध्यमावर मुळे धरवतात आणि रोपे शेडनेटमध्ये कणखर करून शेतात लावतात.