औषध दिसेनासे झाले म्हणजे ते संपले, असे नव्हे

ऑक्सिडीकरण केले की सांडपाण्यातील प्रतिजैविकाचे थेट पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, ही समजूत बरीच जुनी आहे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. फेंटन प्रक्रिया या ऑक्सिडीकरणाच्या पद्धतीत लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून बनणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) या औषधाच्या रेणूवर तुटून पडतात खरे. परंतु पहिला घाव बहुधा रेणूच्या कडेच्या पायपरेझिन वलयावर बसतो आणि जिवाणूंना मारक ठरणारा क्विनोलोन गाभा काही काळ शाबूत राहतो. म्हणूनच मूळ औषध मोजणीत शून्यावर आले, तरी एकूण सेंद्रिय कार्बन (उरलेल्या तुकड्यांतलाही धरून) फारसा घटलेला नसू शकतो. शिवाय या प्रक्रियेत पाण्याचा सामू (pH) ३ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी, ठेवावा लागतो, आणि नंतर चुना घालताच लोहाचा तांबूस गाळ तळाशी बसतो. (तो टाकायचा कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही.)