क्रिएटिनिन वाढलं: किडनीला पाणी कमी पडलं की इजा झाली?

मे महिन्यात आंबा उतरवणारा गडी जुलाब-उलट्यांनी गळून दवाखान्यात येतो. जुलैत दुसरा येतो तो लावणीच्या चिखलात राबून, तापाने फणफणलेला, पोटऱ्या ठणकत असलेला. दोघांचंही क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ३, म्हणजे बरंच वाढलेलं. या आकड्यावरून दोघांना सारखंच सलाईन लावणं मला धोक्याचं वाटतं.

पहिल्याची किडनी शाबूत आहे, तिला रक्तच कमी पोचतंय. म्हणून ती पाणी आणि मीठ धरून ठेवते. लघवी थोडी, गडद. लघवीतलं सोडियम बहुधा २० मिलिमोल/लिटरच्या खाली. भरपाई झाली की दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन उतरतं. उशीर केला तर मात्र हीच किडनी दुखावते.

दुसऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) असेल तर जंतूंनी किडनीच्या नलिकांनाच इजा केलेली असते. घोणशीच्या विषानेही तेच होतं. अशा किडनीला मीठ धरता येत नाही. लघवीतलं सोडियम ४० च्या वर जातं, सूक्ष्मदर्शकाखाली मातकट तपकिरी कास्ट (नलिकांच्या आकाराचे सूक्ष्म साचे) दिसतात. (लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियमच्या आकड्यावर विसंबू नये.) लेप्टो इथे फसवतो: लघवी पुष्कळदा भरपूर होते, रक्तातलं पोटॅशियमही कमी येतं. ‘लघवी होतेय ना?’ एवढं विचारून घरी पाठवलेला रुग्ण दोन दिवसांनी धापा टाकत परत येऊ शकतो.

तापातही अंगातलं पाणी जातंच, त्यामुळे दुसऱ्यालाही सुरुवातीला सलाईन लागू शकतं. पण मोजून, आणि दर वेळी छाती तपासून. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. लघवी मोजत राहायची: ६० किलोच्या माणसाला सहा तासांत १८० मिलीपेक्षा कमी झाली तर ती धोक्याची खूण. लेप्टोचा संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. सर्पदंशात विषबाधेची लक्षणं दिसताच प्रतिविष. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं दोघांनाही नकोत.

कुठल्याही रुग्णात रक्तातलं पोटॅशियम वाढून आवरेना, फुफ्फुसात पाणी साठलं किंवा रक्तातलं आम्ल फार वाढलं, तर डायलिसिस लागतं. ‘एकदा लावलं की कायमचं’ या भीतीने नातेवाईक सही द्यायला कचरतात, त्यात मोलाचे तास जातात. लेप्टोतून वाचलेल्या बहुतेकांचं डायलिसिस थोड्याच दिवसांत थांबतं. तीन महिन्यांनी मात्र क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन पुन्हा तपासून घ्यावं.